सौ. सुशीला लिहिलेली वाटी

हेलन, आत्ताच्या आत्ता सांगायचंय. कुकर लावलाय, शिट्ट्या व्हायच्या आत जेवढं होईल तेवढं टाईप करते. शुद्धलेखन चुकलं तर चुकलं, लाल पेन घेऊन बसायला तू आता नाहीस.

हे लिहिलं आणि कसंतरीच झालं. असू दे. खोडत नाही. खोडायला लागले तर हे कधीच पोस्ट होणार नाही, मला मी माहितीय.

जे वाचताय त्यांच्यासाठी पटकन. हेलन म्हणजे आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहणारी, स्कॉटलंडची, पांढऱ्या केसांची बाई. इथं सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका शाळेत इंग्लिश शिकवायची. एप्रिलमध्ये सुट्टीला घरी गेली, जूनला येते म्हणाली, आणि तिकडंच झोपेत गेली. बारा दिवस झाले. शाळेतून निरोप आला. आणि मी कोण? मी वैशू, घरमालकिणीची पोरगी, बीकॉमला आहे. जानेवारीत मी हेलनला चोर म्हणाले होते. तोंडावर नाही. त्याहून वाईट. स्टेटसवर.

बरोबर होते का मी? आज सकाळपर्यंत मला वाटत होतं, थोडी तरी बरोबर असेन.

सकाळी तुझ्या भाचीचा मेल आला. आधी वाटलं फ्रॉड. अनोळखी नाव, 'प्रिय वैशू', खाली फोटो. हल्ली असेच मेल येतात की, परदेशात कोणीतरी मेलंय आणि तुमच्यासाठी काहीतरी ठेवलंय. डिलीटच करणार होते, पण फोटोत एक वाटी दिसली. स्टीलची. तुझ्या तिकडच्या घराच्या खिडकीत, आत शर्टाची बटणं. आणि कडेवर कोरलेलं नाव, सौ. सुशीला. माझी आई.

मेलमध्ये काय लिहिलंय ते सांगते. पण आधी मागचं सांगितलं पाहिजे, नाहीतर लोकांना कळणार नाही मला काय झालंय. आणि हो, तुला 'तू' म्हणतेय. तू सगळ्यांना तूच म्हणायचीस. तुमच्या हेडसरांना, ज्यांच्यासमोर अख्खी शाळा श्वास धरते, त्यांना तू पहिल्याच आठवड्यात विचारलंस, "तू जेवला का?" आणि सर म्हणाले, "हो, जेवलो." मग मी काय अहो-जाहो करू!

खरं सांगू? तू आलीस त्या दिवसापासून मला तुझा डाऊट होता. डिसेंबर होता. रिक्षातून उतरलीस, एक बॅग आणि एक छत्री. सोलापुरात डिसेंबरात छत्री! आई म्हणाली, "अगं येडी, हितं पावसाळ्यात बी छत्री लागत न्हाय." समोरच्या गॅलरीतून नातेपुतेवाल्या काकू बघत होत्या. त्यांच्या लग्नाला तीस वर्षं झाली, पण गल्ली त्यांना अजून माहेरच्या गावानंच ओळखते. त्या वरूनच ओरडल्या, "सुशे, ही बया तिकडचं सगळं सोडून हितं कशाला आली गं? तिकडं शाळा न्हायत व्हय?"

प्रश्न बरोबर होता की. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं पुण्याला पळाली, उरलेली कसं पळायचं ते बघतात, आणि ही विमानात बसून सोलापूरला येते? तुला विचारलं तर तू म्हणालीस, "ऊन." ऊन पाहिजे होतं म्हणे. उनासाठी कोण येतं बाई? आमच्याकडं फुकट मिळतं आणि कोणी घेत नाही.

मग मी लक्ष ठेवायला लागले. रोज सकाळी तू तलावाकडं फिरायला जाताना दारादारातल्या रांगोळ्यांचे फोटो काढायचीस. का? एक निळी वही होती तुझी, त्यात काहीतरी लिहायचीस, मी आले की बंद करायचीस. का? बायकांची नावं विचारायचीस. त्यांच्या मिस्टरांची नाही, मुलांची नाही, बायकांचीच. आई म्हणाली, "खानेसुमारीला आली हाय का काय ही?" मी म्हणाले, हसू नको, काहीतरी आहे.

आणि त्याच वेळेला, हेही खरं, मला तू लई आवडायचीस. पहिल्यांदा आईची कडक भाकरी दिली तेव्हा तू ती बिस्किटासारखी कोरडी चावलीस, कडाड आवाज आला, आम्हाला वाटलं दात गेला. तू गाल धरून म्हणालीस, "ही भाकरी आहे की कौल?" कौल शब्द तुला कुणी शिकवला? तुझ्या वर्गातल्या पोरांनी. पोरांनी तुला सगळंच शिकवलं होतं. लई, भारी, व्हय, बास की. एकदा इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबांनी तुला इंग्लिशमध्ये विचारलं, सोलापूर आवडलं का, आणि तू म्हणालीस, "व्हय, लई भारी की!" ते साहेब दोन मिनिटं वहीत बघत बसले.

एक शिट्टी झाली. पुढं.

सुट्ट्या. सुट्टी आली की तुझी चंगळ. तुझ्या वर्गातल्या पोरांच्या आया तुला वाटून घ्यायच्या. होळीला पद्माक्काकडं पुरणपोळी, पाडव्याला कुणाकडं, पंचमीला कुणाकडं, गौरीला तर एका दुपारी तीन घरी जेवलीस आणि जिना चढता येईना म्हणून आमच्या पायरीवर बसून राहिलीस. पद्माक्का म्हणजे आमच्या मागच्या घरातली, घरात तेलुगू बोलतात, नवरा यंत्रमागावर चादरी काढतो. तिचा धाकटा तुझ्या वर्गात. ती तुला म्हणायची, "मॅडम, तुमचं आई नाही इथं, मग मीच वाढते की." तू तिच्याहून वीस वर्षांनी मोठी!

आणि सांगोल्याचा हुरडा. पप्पांची शेती तिकडं आहे, डाळिंब आणि थोडा जोंधळा, म्हणून पप्पा शनिवार-रविवारच घरी असतात. तुला येऊन महिना-दीड महिना झाला होता. पप्पांनी आगटी पेटवली, कोवळी कणसं भाजली, तुझ्या हातात गरम कणीस ठेवलं आणि म्हणाले, "चोळा." तू चोळलंस. हात भाजले तरी सोडेनास. दाणे तोंडात टाकलेस आणि कितीतरी वेळ काही बोललीच नाहीस. पप्पा घाबरले. "वैशे, ह्यांना सोसलं न्हाय वाटतं." तर तू रडत होतीस. मी विचारलं, काय झालं, तर म्हणालीस, धूर. धूर उलट्या बाजूला जात होता, हेलन. मी बघितलं होतं. मग येताना तू एक कणीस गुपचूप स्वेटरच्या खिशात घातलंस. तेपण मी बघितलं. मागितलं असतं तर पप्पांनी पोतं दिलं असतं. मग लपवलं का?

असं मनात एकेक साठत गेलं. तू काही विचारायला गेलं की अर्धंच सांगायचीस, आणि उरलेलं अर्धं मी माझं भरायचे.

आता भांडी.

दिवाळीनंतर महिन्याभरानं तुझं वायफाय बंद पडलं म्हणून मी वर आले. तू शाळेतून यायची होतीस, किल्ली आमच्याकडं असायचीच. भिंतीवरच्या रॅकवर बघते तर भांडीच भांडी. डबे, वाट्या, एक पितळी झाकणाचा डबा, ताटल्या. सगळी घासून चकचकीत. आणि सगळ्यांची नावं बाहेरच्या बाजूला केलेली, देवळात पाटी लावतात तशी. सौ. पद्मा. सौ. कमल. सौ. शालिनी. एकही तुझं नाही!

आमच्याकडं भांड्यावर नाव का घालतात ते सगळ्यांना माहितीय. दुकानात ते टर्रर्र मशीन असतं, भांडं घेतलं की नाव घालूनच घरी आणायचं. कारण डबा शेजारी जातो, लग्नघरात जातो, आणि नाव असलं की फिरून घरी येतो. आणि फिरून आला नाही तर मागायचा नाही. ही आमची दुसरी पद्धत. डबा मागणं म्हणजे अगदी हलकट काम. फक्त इकडं तिकडं बोलायचं, "आमचा फराळाचा डबा कुटं ऱ्हायलाय कुणास ठाऊक." ज्याच्याकडं असेल तो समजतो आणि दुसऱ्या दिवशी साखर घालून आणून देतो.

पद्माक्का दिवाळीपासून हेच म्हणत होती. "पितळी झाकणाचा डबा होता, आईनं दिलेला, कुठं गेला काय की." तुझ्या समोरपण म्हणाली होती, दोनदा. आणि तू तिला म्हणालीस, "फार सुंदर डबा आहे तो."

बघा! म्हणजे माहीत असून!

त्या दिवशी मी फोटो काढला. महिनाभर मोबाईलमध्ये ठेवला. आईलापण दाखवला नाही. मग संक्रांतीच्या आदल्या दिवशी काय सुचलं मला, स्टेटस टाकलं. वर लिहिलं, 'आमच्या वरच्या मजल्यावरचं फुकट म्युझियम. आपापलं भांडं ओळखा.' आणि ते हसून रडणारं तोंड. सहा की सात तोंडं.

हेलन, मला वाटलं लोक हसतील. बास, एवढंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडं हळदीकुंकू होतं. बायका आल्या, तिळगूळ झाला, वाण झालं, आणि कोणी घरी जाईना. सगळ्या आमच्या जिन्याकडं बघत होत्या. शेवटी नातेपुतेवाल्या काकू उठल्या. "चला गं. बगूया तरी म्युझियम."

तू दार उघडलंस. नवीन साडी नेसली होतीस, निऱ्या उलट्या, खाली आमच्याकडंच यायला निघाली होतीस. एवढ्या बायका बघून खूश झालीस! "या, या, या," म्हणालीस. एकच खुर्ची होती, ती पुढं केलीस.

काकूंनी सरळ रॅककडं बोट केलं. "ही भांडी कुणाची?"

"ही?" तू हसलीस. "ही कमल, ही शालिनी, ही पद्मा."

"नावं वाचता येतात म्हणजे! मग परत का न्हाई दिली?"

तू माझ्याकडं बघितलंस. मी दारात होते, आईच्या मागं. मी इंग्लिशमध्ये सांगितलं, त्या विचारतायत त्यांची भांडी परत का नाही दिली. तू म्हणालीस, "मला वाटलं, ही मला दिलीयत."

मी मराठीत सांगितलं आणि सगळ्या हसल्या. काकू म्हणाल्या, "असं मिळतंय व्हय? मग मी बी फॉरेनला जाते की, संसार घेऊनच येते!"

पद्माक्का नाही हसली. ती म्हणाली, "अय्यो, जाऊ द्या की ओ, डबाच आहे." पण हात पुढं केला तिनं, डब्यासाठी.

तू परत माझ्याकडं बघितलंस. खूप वेळ. मला वाटलं, पकडली गेली म्हणून बघतेय, मी वाचवीन असं वाटतंय हिला. मी मोबाईलमध्ये बघायला लागले.

मग तू एकेक भांडं काढलंस, तुझ्या टॉवेलनं पुसलंस, नाव वाचलंस आणि ज्याचं त्याच्या हातात दिलंस. एकही नाव चुकलं नाही. मला वाटलं, बघा, चोरी किती पद्धतशीर. शेवटी एक वाटी राहिली. सौ. सुशीला. ती तू आईपुढं धरलीस. आई मागं सरकली. "ती न्हाई गं. ती वाण हाय, ती तुझीच. वाण कुटं परत घेत असत्यात?" तुला काही कळेना. आई वाटी तुझ्याकडं ढकलते, तू आईकडं ढकलतेस. आणि मी, हेलन, मी हसले.

दुसरी शिट्टी झाली की तिसरी? मोजायचं विसरले.

त्यानंतर तू बदललीस. आई पिठलं घेऊन वर आली की तू दारातच प्लास्टिकचा डबा आणायचीस, पिठलं त्यात ओतायचीस आणि आमचं भांडं तसंच, न धुता, हातात परत. आईला ते लई लागलं. "आमचं भांडं घरात बी घेत न्हाय आता. एवढा कसला माज?" मी म्हणाले, राग आहे तिच्या मनात, पकडली ना. एकदा पाडव्याच्या सुट्टीत आपण गच्चीवर होतो, आठवतं? वर पतंग अडकला होता कुणाचा तरी. मी म्हणाले, तुला घरी बोलावलं नाही ना कोणी यंदा. तू म्हणालीस, "तुमच्याकडं कोणी विचारत नाही वैशू. नुसतं बोलतात." मला राग आला. मी म्हणाले, "तुमच्याकडं विचारतात आणि उत्तर ऐकून घेत नाहीत." तू म्हणालीस, "हं. तेही आहे." एवढ्यात तुझा फोन वाजला. ते भांडण तिथंच राहिलं. मी अजून त्याच्यात भर घालत असते मनातल्या मनात, तुझ्या बाजूनंसुद्धा.

एप्रिलमध्ये तू निघालीस तेव्हा मी रिक्षात बॅग ठेवली. छत्री तू इथंच ठेवलीस, म्हणालीस, जूनला लागेल. मला वाटलं, आता ही काही येत नाही. डाऊटच सगळा. आणि बघ, नाहीच आलीस, पण मी म्हणत होते त्या कारणानं नाही.

परवा तुझा दहावा. इथं तुझं कोण करणार, म्हणून आईनं गच्चीवर पानात भात, शेंगाचटणी आणि कडक भाकरी ठेवली. कावळा येऊन बसला, बघत राहिला, शिवला नाही. मी म्हणाले, भाकरी कडक आहे म्हणून. आई म्हणाली, "न्हाई. काहीतरी ऱ्हायलंय तिचं मनात. बोललेलं न्हाई काहीतरी." मी म्हणाले, स्कॉटलंडच्या माणसांना कावळ्याचं काही नसतं. पण दुपारभर मी गच्चीकडं बघत होते.

आता मेल. भाचीनं लिहिलंय, इंग्लिशमध्ये आहे, मी नीट मराठीत सांगते, या वेळी एक शब्दही न सोडता:

'ही वाटी मावशी बॅगेत कपड्यांच्या मध्ये गुंडाळून घेऊन आली होती. यावर तुमच्या लिपीत नाव आहे. ही तुमच्या घरची असेल तर आम्ही परत पाठवू का? मी मावशीला विचारलं होतं. ती म्हणाली होती, परत द्यायची नसते. तिच्या पहिल्या महिन्यात खालच्या मुलीनं तिला सांगितलं होतं की तुमच्याकडं एखाद्या बाईनं आपल्या भांड्यात काही खायला दिलं तर ते भांडं कधीच परत करायचं नसतं, तो त्या बाईचा अपमान असतो. मग तिनं सांगितलं की नंतर कळलं, ते सगळ्याच भांड्यांना लागू नाही. पण ही वाटी मात्र तिचीच आहे. ती मुलगी तुम्हीच ना?'

ती मुलगी मीच ना.

आठवलं, हेलन. वाचता वाचता सगळं आठवलं. तुझी पहिली संक्रांत. आईनं वाण म्हणून वाट्या आणल्या होत्या, सगळ्यांवर आपलं नाव घालून, म्हणजे घेणारीला आठवण राहील. तुझ्या वाटीत तिळाचे लाडू घातले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तू वाटी धुऊन, पुसून, वर चॉकलेट ठेवून आमच्या दारात. आई ओरडली, "अगं बाई, वाण कुटं परत देत्यात व्हय! सांग गं वैशे हिला!" आणि मी पलंगावर आडवी, मोबाईलवर काहीतरी बघत होते. मान वर न करता सांगितलं तुला. 'ठेव ती. इथं बाईनं भांड्यात खायला दिलं की परत नसतं करायचं. इन्सल्ट होतो.' वाण हा शब्दच खाल्ला मी. वाण म्हणजे काय ते सांगायला दोन मिनिटं लागली असती. मी दोन सेकंदांत उरकलं.

आणि तू ते वर्षभर पाळलंस. पुरणपोळीचा डबा, फराळाचा डबा, पद्माक्काच्या आईचा पितळी झाकणाचा डबा. नाव कोरलेलं, आत खायला. वाटी तशीच, डबा तसाच. तुला फरक कुठून कळणार? एकच मशीन, एकच टर्रर्र. वाणावर नाव असतं ते तिकडंच राहायला, डब्यावर असतं ते घरी यायला. हे आम्हाला कुणी शिकवत नाही, म्हणून आम्ही कुणाला सांगतही नाही.

आणि ती प्लास्टिकच्या डब्याची गोष्ट. तो माज नव्हता. कुठलं भांडं ठेवायचं, कुठलं नाही, तुला शेवटपर्यंत कळलं नव्हतं, म्हणून तू भांडंच घरात घेईनाशी झालीस. बरोबर ना?

पण मला एक कळत नाही. तू बोलली का नाहीस? एवढ्या बायका तुझ्या दारात, काकू टोमणे मारतायत, आणि तुझ्याकडं उत्तर होतं. 'वैशूनं सांगितलं.' दोन शब्द. तुला मराठीत येत होते ते दोन शब्द! तू फक्त बघत राहिलीस. मी समजले, वाचव म्हणून बघतेय. आता वाटतं, तू मला चान्स देत होतीस. की मी विसरलेय हे तुझ्या लक्षात आलं होतं आणि तू मलाच वाचवत होतीस? की, खरं बोलते, हापण डाऊट आहे, तू मुद्दाम ठेवलंस हे माझ्यासाठी, कधीतरी असं समोर येऊन आदळावं म्हणून? तुझ्यासारखी मास्तरीण असं करू शकते. पोरांना तू उत्तर कधीच सांगायची नाहीस. फळ्याकडं तोंड करून उभी राहायचीस, त्यांचं त्यांना सुचेपर्यंत.

मेल आईला वाचून दाखवला. हळू, एकेक वाक्य. आई भाकरी थापत होती, हात थांबला.

"म्हंजे तू सांगितलं हुतंस."

"हो."

"आन तवा बोलली का न्हाईस?"

"आठवलंच नाही गं."

आईनं तव्यावरची भाकरी उलटलीच नाही. भाकरी करपली. तिची भाकरी कधी करपत नाही. मग म्हणाली, "तुला न्हाय आठवलं. तिला आठवत हुतं की." आणि थोड्या वेळानं, "जिथं तो फोटो टाकलास, तितंच हे बी टाक. आजच. न्हायतर मला तोंड दावू नको."

म्हणून हे. स्टेटस चोवीस तासांत जातं, म्हणून पोस्ट. आणि गल्लीच्या ग्रुपवरपण टाकतेय, तिथं सगळ्या आहेत. नातेपुतेवाल्या काकू, तुम्ही वाचताय, मला माहितीय, दोन निळ्या टिका दिसतात. तुम्ही आता म्हणणार, 'मला तवाच डाऊट आला हुता ह्या पोरीचा.' म्हणा. या वेळी बरोबर असाल.

पद्माक्काकडं मात्र मी स्वतः गेले, हे लिहायच्या आधी. दारातच सांगून टाकलं, एका दमात, माझी सवय. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मॅडमला मी दोनदा म्हटलं ना, डबा कुठं गेला काय की. त्यांनी काय म्हटलं माहितीय? फार सुंदर आहे म्हटलं. मला वाटलं, किती निगरगट्ट बाई." पदर तोंडाला लावला तिनं. "थँक्यू म्हणत होत्या गं त्या मला. दोनदा." आणि आत गेली, ती बाहेर आलीच नाही. मी तशीच उभी. मग निघून आले.

भाचीला उत्तर पाठवलं. चारदा टाईप करून चारदा पुसलं, मी, जी कधी पुसत नाही. शेवटी एवढंच गेलं: 'हो, ती मुलगी मीच. वाटी परत पाठवू नका. ती वाण आहे, माझ्या आईनं तुमच्या मावशीला दिलेली.' खाली वाण म्हणजे काय ते लिहिलं. दोन मिनिटं लागली. तेवढीच लागतात.

कुकर कधीच बंद झालाय, आईनं केला वाटतं. तुझी छत्री जिन्यात लटकतेय, निळी वही वरच्या खणात आहे, भाचीचं लगेच उत्तर आलं, हवं ते ठेवा. वही मी उघडलेली नाही. मला तिचा अजून डाऊट आहे, पण या वेळी तिच्यात माझ्याबद्दल काय लिहिलंय त्याचा.

बास. टाकतेय. पण वाचणाऱ्यांनो, एक सांगाल? तुमचं असं झालंय का कधी, की तुम्हीच कुणाला तरी घाईघाईत काहीतरी शिकवलंत, विसरून गेलात, आणि मग त्याच गोष्टीवरून त्याला चार लोकांत पकडलंत? आणि तेव्हा तो माणूस काही न बोलता तुमच्याकडं बघत होता का?